चिखलातले जीवाणू अभ्यासायला येताय? आधी ओहोटीची वेळ बघा

समुद्री सूक्ष्मजीवशास्त्रात नवीन आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, सिक्वेन्सिंग (डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचणं) कुठलं करायचं?" मी उलट विचारते, "उद्या ओहोटी किती वाजता?" ती चुकली की खाडीतला तो दिवस गेलाच.

माझं काम गोव्यातल्या खारफुटीच्या गाळावर. मांडवी-झुआरी नद्यांच्या काठचा हा चिखल वरून तपकिरी दिसतो. नळी रोवून कोअर, म्हणजे गाळाचा उभा दंडगोल, काढला, की थोड्याच खोलीवर तो काळा होतो. प्राणवायू जेमतेम काही मिलिमीटर झिरपतो. त्याखाली सल्फेटवर श्वसन करणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच, आणि लोहाशी त्याचा संयोग झाला की काळा रंग येतो. बोटभर अंतरात वस्ती पालटते, म्हणून सगळे थर एकाच पिशवीत कोंबू नका. जागेवरच वेगळे करा, बर्फात ठेवा, प्रयोगशाळेत पोचल्यावर उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. क्षारता, तापमान, खोली त्याच वेळी वहीत टिपा.

गाळातले बहुतेक जीवाणू पेट्री डिशमध्ये वाढतच नाहीत, म्हणून डीएनए मार्करचा, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डीएनएच्या भागाचा, आधार घ्यावा लागतो. सर्वांत रुळलेला मार्कर १६एस आरआरएनए जनुक; प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका भागाचं हे जनुक. लांबी साधारण १५०० बेस (डीएनएची 'अक्षरं'). काही भाग बहुतेक जीवाणूंत जवळपास सारखे, तर नऊ भाग गटागटाने बदलणारे. सारख्या भागांवर प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटतात आणि मधल्या बदलत्या भागाच्या प्रती निघतात. याच जनुकापासून बनणाऱ्या आरएनए रेणूच्या तुलनेतून कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किया हा जीवाणूंहून वेगळा सूक्ष्मजीवांचा गट दाखवून दिला.

खरी डोकेदुखी डीएनए काढण्यात आहे. कुजक्या पानांमुळे गाळात ह्युमिक आम्लं भरपूर असतात; ती डीएनएबरोबर येतात आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया, अडवतात. पीसीआरनंतर तपासणीच्या जेलवर डीएनएची पट्टी दिसली नाही, तर महागडं किट मागवण्याआधी नमुना दहापट पातळ करून बघा. मग पट्टी आली तर अडथळा आम्लांचाच समजा. आणि प्रत्येक खेपेला एक ट्यूब गाळाविना, बाकी सगळ्या पायऱ्यांतून न्या. किटमध्येही जीवाणूंचा डीएनए असतो. तो तुमच्या यादीत 'नवीन शोध' म्हणून घुसतो!

आता मुलांना न आवडणारी गोष्ट. १६एस 'कोण आहे' ते सांगतं, तेही बहुधा प्रजातीपर्यंत न पोचता. ई. कोलाय या जीवाणूत या जनुकाच्या सात प्रती असतात, काही जीवाणूंत एकच. त्यामुळे आलेखातली टक्केवारी म्हणजे पेशींची टक्केवारी नव्हे. शिवाय मेलेल्या पेशींचा डीएनएही गाळात टिकून राहतो. सल्फेट कोण वापरतंय हा प्रश्न असेल तर डीएसआरबी जनुक घ्या, मिथेन निर्मितीसाठी एमसीआरए, अमोनियाच्या ऑक्सिडीकरणासाठी एएमओए. आत्ता कोण सक्रिय आहे हे हवं असेल तर आरएनए (चालू जनुकापासून बनणारी नक्कल) काढावा लागेल. तो फार नाजूक, म्हणून नमुना घेतानाच तशी तयारी हवी.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षात लिनक्स ही संगणकप्रणाली आणि आकडेवारीसाठीची 'आर' ही संगणकभाषा शिकून घ्या. इथे महिने जातात ते संगणकापुढे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा गोवा विद्यापीठात प्रबंधाचं काम मागायचं असेल, तर अर्जात 'जैवविविधतेचा अभ्यास' एवढंच लिहू नका. कुठला थर, कुठला ऋतू, कुठलं जनुक, हे तीन शब्द तरी असू द्या.