शिराझ घरी नेल्यावर बिघडते का? बाटलीला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. मेहुणा जेवायला येणार म्हणून दिंडोरीकडून येताना शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन) घेतली, वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये जाम आवडलेली, मग बाटली दुपारभर गाडीच्या डिकीत विसरलो, संध्याकाळी फ्रीजच्या डोक्यावर ठेवली आणि रात्री उघडून तशीच ओतली. पहिल्या घोटालाच त्याचं तोंड कच्ची सुपारी चावल्यासारखं झालं. "दाजी, हा काय काढा आहे का?" मी पण म्हणालो बाटलीच खराब निघाली. उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये टाकली, दुसऱ्या दिवशी बाहेर काढून थोड्या वेळाने सहज चाखली तर जांभूळ, मिरी, सगळं जागेवर!

म्हणजे घोळ टेम्परेचरचा. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची हे आपण ऐकलेलं असतं, पण ती रूम युरोपातली थंड, नाशिकची एप्रिलमधली नाही. शिराझला साधारण १६ ते १८ डिग्री लागतात. टेस्टिंग रूमला एसी असतो, घरी ३५ डिग्रीत तीच वाइन नुसती अल्कोहोलने नाकात घुसते आणि फळाचा वास दबतो. उन्हाळ्यात ओतायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ठेवली असेल तर उलटं होतं, वास बंद आणि तुरटपणा टोचायला लागतो, मग ग्लास तळव्यात धरून पाच-दहा मिनिटं गप्पा मारा.

दुसरी चूक, तुरट लागलं की "कडू आहे" म्हणून मोकळं होणं. शिराझमध्ये द्राक्षाच्या साली-बियांतून आलेलं टॅनिन भरपूर असतं, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहात असतं तसं. घोट गिळल्यावर हिरड्या कोरड्या पडल्या तर ते टॅनिन, तोंडाला पाणी सुटलं तर आंबटपणा, आणि घशात गरम वाटलं तर अल्कोहोल. एवढं वेगळं ओळखता आलं की अर्धं काम झालं. तुरटपणा फारच असेल तर ओतून अर्धा तास हवा लागू द्या, सोबत चीज किंवा मटण घ्या. मिसळ मात्र नको! तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही आग करतात आणि शिव्या वाइनला पडतात.

ग्लास काठोकाठ भरू नका, एक तृतीयांश बास, नाहीतर गोल फिरवणार कसा आणि वास साठणार कुठे. आणि चिवडा खाल्लेल्या हाताने, शेजारी उदबत्ती लावून वास घेत बसू नका राव.

लेबलवर ब्लॅकबेरी लिहिलेलं असतं म्हणून लोक ब्लॅकबेरी शोधत बसतात, जी आयुष्यात खाल्लेली नसते. आपली जांभळं, करवंदं, मसाल्याच्या डब्यातली लवंग आठवा ना. मिरीसाठी मी दोन दाणे ठेचून वाटीत ठेवतो, आधी वाटीचा वास, मग ग्लासचा. शिराझमधल्या मिरीच्या वासामागे रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, तेच काळ्या मिरीतही असतं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं. गंमत म्हणजे त्यांच्या टेस्टिंगमध्ये साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नव्हता, त्यामुळे बायकोला मिरी लागली आणि तुम्हाला नाही तर भांडू नका.

वीकेंडला नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडच्या वायनरीत जाऊन पाच-सहा वाइन चाखायच्या आणि शेवटच्या शिराझला "ठीक आहे" म्हणायचं, हे पण बरोबर नाही. भारी रेड शेवटीच देतात, तोवर जीभ दमलेली असते. मधे पाणी प्या, साधा ब्रेड खा, घोट थुंकायला लाजू नका, तिथे भांडं त्यासाठीच असतं.

आता खरंच खराब बाटली कशी ओळखायची? ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला तर बुचाचा दोष, कितीही हवा लावली तरी जात नाही, दुकानात परत करा. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास जोरात आला तरी सोडून द्या. बूच वर सरकलंय आणि वास शिजवलेल्या जॅमसारखा, तर उन्हाने घात केला (माझी डिकीतली बाटली थोडक्यात वाचली). तळाशी गाळ दिसला तर तो दोष नाही, हळू ओता. फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्तातला माल, असंही काही नसतं.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चालते. चौथ्या दिवशी माझ्याकडे ती मटणाच्या रश्श्यात जाते.