स्मार्ट चष्म्यात इन्फ्रारेड कॅमेरा बसवताना: नव्याने येणाऱ्यांसाठी, मुख्यतः काळ्या प्लास्टिकबद्दल

नजर टिपणारा चष्मा, म्हणजे डोळ्यावर इन्फ्रारेड एलईडीचा प्रकाश पाडून नजर कुठे आहे ते कॅमेऱ्याने ओळखणारा चष्मा, करायला घेतला की बहुतेक जण पहिला महिना सेन्सर निवडण्यात घालवतात. तिथे फार अडू नका. डोळ्याच्या चित्राला रंग लागत नाही, मोठं रिझोल्यूशनही लागत नाही. ४०० × ४०० पिक्सेलचा, ग्लोबल शटरचा (म्हणजे सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारा), कृष्णधवल सेन्सर पुरतो. ओम्नीव्हिजनचा ओव्ही६२११ याच पठडीतला आहे. ग्लोबल शटरच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. जुना वेबकॅम उघडून त्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. माझा तिला विरोध आहे. असे कॅमेरे सहसा रोलिंग शटरचे असतात, ओळीमागून ओळ टिपतात. एलईडी एकच मिलिसेकंद पेटवला तर चित्रात नुसता एक पट्टा उजळतो. मग एलईडी सतत चालू ठेवावे लागतात आणि तिथून बॅटरी, उष्णता, डोळ्याची सुरक्षितता, एकेक करून सगळंच हाताबाहेर जातं.

तरंगलांबी ९४० नॅनोमीटर घ्या. ८५० ला सिलिकॉन सेन्सर जास्त संवेदनशील असतो हे खरं, पण ८५० चा एलईडी मंद लाल दिसतो आणि नजर आपोआप तिकडे वळते. शिवाय ९४० च्या आसपासचं बरंचसं ऊन हवेतली वाफ शोषून घेते, त्यामुळे घराबाहेर चित्र टिकतं. बँडपास फिल्टर (ठरावीक तरंगलांबीचा पट्टाच आत सोडणारा) निवडताना कोनाचा हिशेब करा. किरण ३० अंशांनी तिरका आला की फिल्टरचा पट्टा साधारण ३० नॅनोमीटर खाली सरकतो. एलईडी तापला की त्याची तरंगलांबी दर अंश सेल्सियसला साधारण ०.३ नॅनोमीटर वर जाते. दोघं विरुद्ध दिशांना पळतात. पट्टा फार अरुंद घेतला तर चित्राच्या कडा काळवंडतात.

आता मुख्य मुद्दा. ही चूक इतक्या शांतपणे होते की ती झाली आहे हेच कळत नाही. डोळ्यांना काळंकुट्ट दिसणारं प्लास्टिक ९४० नॅनोमीटरला जवळपास काचेसारखं पारदर्शक असू शकतं.

प्लास्टिक दोन प्रकारे काळं करतात. एक, कार्बन ब्लॅक घालून. ते दृश्य प्रकाशही शोषतं आणि इन्फ्रारेडही. दुसरं, वेगवेगळे रंग मिसळून. त्यातला प्रत्येक रंग दृश्य प्रकाशाचा एकेक भाग खातो, म्हणून आपल्याला काळं दिसतं. पण ७५०-८०० नॅनोमीटरच्या पुढे त्यांच्यापैकी कोणीच काही अडवत नाही. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले तर नुसत्या नजरेला फरक कळणार नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ते इथे शब्दशः खरं आहे.

अशा प्लास्टिकची फ्रेम केली की एलईडीचा प्रकाश फ्रेमच्या आतूनच वाट काढत कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. चित्रावर एका बाजूला राखाडी धुकं चढतं. बाहुली आणि बुबुळ यांच्यातला फरक मावळतो, विशेषतः बाहुली आक्रसलेली असताना. गोम अशी की चित्र वाईट नसतं, फक्त थोडं फिकं असतं. मग दोष अल्गोरिदमवर जातो, कोणी थ्रेशोल्ड (बाहुली किती काळी मानायची ती मर्यादा) हलवतं, कोणी एक्स्पोजर वाढवतं. एक्स्पोजर वाढवलं की धुकंही तेवढंच वाढतं.

ओळखायचं कसं? पूर्ण अंधाऱ्या खोलीत चष्मा मोकळा ठेवा, समोर डोळा नको. कॅमेऱ्याच्या खिडकीवर, म्हणजे त्याच्यासमोरच्या झाकणीवर, अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट बसवा आणि एलईडी पेटवा. आता बाहेरून काहीच येऊ शकत नाही, म्हणजे चित्र सेन्सरच्या ब्लॅक लेव्हलला (प्रकाश अजिबात नसतानाच्या पातळीला) उतरलं पाहिजे. उतरलं नाही, तर प्रकाश आतून येतोय. एकेक एलईडी वेगळा पेटवा. ज्याने धुकं वाढतं त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मधला रस्ता शोधा. तो बऱ्याचदा गोंदाच्या रेघेत सापडतो.

भोक बुजवायला काळा मार्कर वापरू नका, बऱ्याच मार्करची शाई ९४० ला पारदर्शकच असते. काळं अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम रंग भरून काळं केलेलं असतं, ते इन्फ्रारेडमध्ये चकाकतं. बरीचशी काळी कापडंही उजळ दिसतात, म्हणून कॅलिब्रेशनच्या पेटीत काळं कापड पसरण्याआधी तेही कॅमेऱ्यातून बघा.

आणि गंमत म्हणजे खिडकीसाठी आपल्याला नेमकं तेच फसवं प्लास्टिक हवं असतं: बाहेरून काळं, ९४० ला आरपार. फक्त एलईडी आणि कॅमेरा यांच्यावर मिळून एकच लांब पट्टी लावू नका. दिसायला ती सुंदर दिसते, डिझायनर तिचा आग्रह धरतील. पण प्रकाश तिच्या दोन पृष्ठभागांमध्ये उड्या मारत थेट कॅमेऱ्यात शिरतो. दोन वेगळ्या खिडक्या करा, मधे कार्बन ब्लॅकच्या प्लास्टिकची भिंत घाला. चष्म्याच्या भिंगाच्या कडेतूनही असाच प्रकाश वाहतो, तिथेही लक्ष ठेवा.

ड्रॉइंगवर नुसतं ‘काळा’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. ‘कार्बन ब्लॅक रंगद्रव्य, १ मिलिमीटर जाडीत ९४० नॅनोमीटरला पारगमन ०.१ टक्क्याखाली’ असं लिहा. अँटेनाजवळ कार्बनचं प्रमाण मात्र रेडिओवाल्यांना विचारून ठरवा. फार वाढलं तर प्लास्टिक वीज वाहू लागतं आणि ब्लूटूथचा पल्ला घटतो. थ्रीडी प्रिंटच्या नमुन्यावर झालेली चाचणी मोल्डिंगला लागू होत नाही, कारण दोन्हीकडचा काळा रंग वेगळा असतो.

सुरक्षिततेबद्दल स्पष्टच सांगायला हवं. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून डोळा मिटत नाही. आयईसी ६२४७१ या दिव्यांच्या प्रकाश-सुरक्षिततेच्या मानकाप्रमाणे १००० सेकंदांहून जास्त वेळ कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) पडणाऱ्या इन्फ्रारेडची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट आहे. हिशेब करून बघा: डोळ्यापासून २५ मिलिमीटरवर ५ मिलिवॅट प्रति स्टेरेडियनचा (स्टेरेडियन हे घनकोनाचं एकक) एक एलईडी दर चौरस सेंटिमीटरला ०.८ मिलिवॅट देतो, असे आठ म्हणजे ६.४. सेकंदाला १२० फ्रेम आणि दर फ्रेमला १ मिलिसेकंद, तर सरासरी ०.७७. हे ठीक. पण २०० मिलिमीटरवर मोजलेला आकडा दाखवून कोणी ‘पास’ म्हणालं तर मान्य करू नका. २५ वर तो ६४ पट होतो. फर्मवेअर अडकलं आणि एलईडी पेटलेलेच राहिले, तर राखलेली बहुतेक मोकळीक संपते. ते बंद करणारा टाइमर हार्डवेअरमध्येच हवा, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको.

बाकीचं जमतं, खरंच. चष्मा १ मिलिमीटर घसरला की फक्त बाहुली मोजणाऱ्या पद्धतीत जवळपास ५ अंशांची चूक येते, हे वाचून घाबरायला होतं. पण कॉर्नियावर चमकणारे एलईडीचे ठिपके संदर्भाला घेतले की त्यातली बरीचशी भरून निघते. पापण्या आड येतात तेव्हा कॅमेरा खालच्या कडेला न्या. गणित शिकायला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, तिथे कोणाची परवानगी लागत नाही.

मार्गदर्शक शोधायचा तर माझं मत ठाम आहे: ऑप्टिक्सच्या पुस्तकी जाणकाराआधी मोल्डिंग मशीनपाशी उभा राहून काम केलेला माणूस गाठा. त्याच्याकडून प्रत्येक काळ्या मालाची १ मिलिमीटरची एकेक चकती मागून घ्या, तुमच्याच कॅमेऱ्यासमोर धरून तपासा. चकतीवर बॅच नंबर कोरून घ्या, लिहू नका. पेटीत ठेवल्यावर त्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत.