कोल्हापूरच्या चप्पल लाईनला दुकान आहे? मग एनएफसी स्टिकर असे लावा

एनएफसी स्टिकर म्हणजे मोबाईल टेकवला की त्यात भरलेली लिंक उघडणारा स्टिकर. पण आधी ते ब्लूटूथ बीकनचं, म्हणजे दुकानातनं ब्लूटूथवर सिग्नल सोडणाऱ्या छोट्या डबीचं, खूळ डोक्यातनं काढा. बीकन लांबनंच गिऱ्हाइकाच्या मोबाईलला ऑफर पाठवतंय खरं, पण त्यासाठी तुमचं अ‍ॅप त्याच्याकडं पाहिजे आणि ब्लूटूथ चालू पाहिजे, आता अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेला माणूस एका जोडासाठी अ‍ॅप कशाला टाकतोय? गुगलनं अ‍ॅपशिवाय असल्या सूचना पाठवायची सोय काढलीवती, पण नुसत्या फालतू जाहिराती व्हायला लागल्या म्हणून २०१८ च्या डिसेंबरात त्यांनीच ती बंद केली.

आपल्या कामाचं एनएफसीच. हे जेमतेम ४ सेंटीमीटरवर चालतंय, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः मोबाईल टेकवणार तेव्हाच काय ते दिसणार, उगाच कुणाच्या मागं लागणं नाही. स्टिकरला बॅटरी नसते, मोबाईलच्याच लहरींवर तो जागा होतोय.

स्टिकर घेताना एनटॅग २१३ चिपचा बघा, त्यात १४४ बाइट बसतात, आपल्याला तेवढं बास. रॅक लोखंडी असेल तर मात्र धातूवर चालणारा, खाली फेराइटचा थर असलेला घ्या, साधा स्टिकर पत्र्यावर अजिबात जागा होत नाही. आणि पायताणावर चिकटवू नका, तेल लावल्यावर राहणार नाही तो, प्रत्येक मॉडेलच्या कार्डावर लावा.

आता त्यात लिहायचं काय? माझं मत, वेबसाईट बिबसाईट नको, व्हॉट्सअ‍ॅपची लिंक टाका, त्यात तुमचा नंबर आणि मॉडेलचा कोड आधीच भरलेला. पुण्याचा माणूस कापशी चप्पल हातात घेतो, 'घरी विचारून सांगतो' म्हणतो आणि जातो, त्यानं टॅप करून मेसेज सोडला असला की नंबर तुमच्याकडं राहतोय, मग साईज विचारा, कुरियरनं पाठवा. एनएफसी टूल्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात राइटमध्ये जाऊन यूआरएल रेकॉर्ड घ्यायचं, लिंक टाकायची, राइट दाबून मोबाईल स्टिकरवर धरायचा, झालं. कोड इंग्रजी अक्षरांतच ठेवा हां, कारण लिंकमध्ये मराठीचं एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा, ९ बाइट खातंय, 'कुरुंदवाडी' एवढं मॉडेलचं नाव लिहिलं तरी निम्म्याहून जास्त जागा गेली.

दोन-चार वेगवेगळ्या मोबाईलवर टेकवून बघा. आयफोनचा वरचा काठ लावायचा, अँड्रॉइडची बहुतेक मागची बाजू, मधोमध किंवा थोडं वर. सगळं बरोबर चाललं की मगच लॉक करा. लॉक नाही केला तर कोण पोरगं येऊन त्यात भलतीच लिंक घालून जाईल, आणि एकदा केला की परत उघडत नाही, नंबर बदलला तर स्टिकर कचऱ्यात. शेजारी तीच लिंक क्यूआरमध्येपण छापा, स्वस्तातल्या बऱ्याच मोबाईलला एनएफसीच नसतंय.

पैशाचं म्हणाल तर यूपीआयचा क्यूआर आहे तसाच राहू दे. कार्ड मशीनवर टॅपनं घेत असाल तर १ जानेवारी २०२१ पासून ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, जोड सहसा त्यातच बसतोय. टॅप होईना तर मशीनला शिव्या घालायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारा, बँकेच्या अ‍ॅपमध्ये कॉन्टॅक्टलेस चालू केलंय का, बऱ्याच कार्डांवर ते बंदच असतंय.