पानांच्या तेलाची टेस्ट करताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली एम.एस्सी.ची पोरं प्रोजेक्टला तुळस, गवती चहा, निर्गुडी, निलगिरीच्या पानांचं तेल घेऊन ते जंतू आणि पेशी मारतं का बघतात, विषय भारीच आहे, पण जंतू वाढवलेल्या प्लेटवर तेलाभोवती मोठा झोन (जंतू न वाढलेला मोकळा गोल) दिसला की लगेच ‘औषध मिळालं’ असं लिहून टाकतात आणि तिथंच सगळं चुकतंय.

आधी झाड नक्की करा. रानतुळस म्हणून आपल्याकडं दोन-तीन वेगवेगळी झाडं दाखवतात, त्यामुळं हर्बेरियम नमुना (दाबून वाळवलेली फांदी) करून बॉटनीच्या सरांकडनं नाव पक्कं करून घ्या. भीमगड अभयारण्यातनं परवानगीशिवाय पानं तोडायची नाहीत. पानं सावलीत वाळवा, उन्हात तेल उडून जातंय.

आता झोनचं बघा. तेल पाण्यात विरघळत नाही, अगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) नीट पसरत नाही, म्हणून जोरदार तेलाचापण झोन बारका येऊ शकतो. दोन तेलांची तुलना नुसत्या मिलिमीटरवर करू नका, ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ द्रावणात) एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारा सगळ्यात कमी डोस, काढा, आणि तेल मिसळायला ट्वीन ८० किंवा डीएमएसओ घातलं असेल तर तेलाशिवाय नुसत्या त्याचा कंट्रोल (तुलनेसाठीचा खाना) लावाच. अजून एक, ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये तेलाची वाफ शेजारच्या खान्यात जाते, मग कंट्रोलमधलेच जंतू वाढत नाहीत आणि पोरं कल्चरला दोष देत बसतात. वरनं सीलिंग फिल्म लावा, कंट्रोल जास्त डोसपासनं लांब ठेवा. स्यूडोमोनास हा जंतू मेला नाही तर तेपण लिहा की, त्याचं बाहेरचं आवरण तेलाला अडवतंय, हा रिझल्टच आहे.

सगळ्यात मोठी चूक सायटोटॉक्सिसिटीत, म्हणजे तेल पेशींना किती मारतं ते बघताना, होते. तेल जंतूंचं आवरण फोडतं, तसं आपल्या पेशींचंपण फोडू शकतं, मग कॅन्सरच्या पेशी मेल्या एवढंच सांगून काय उपयोग? साध्या पेशींवर तीच टेस्ट करा आणि दोन्ही आयसी५० (निम्म्या पेशी मरतील असा डोस) शेजारी-शेजारी ठेवा, आकडे सारखेच आले तर तेल निवडून मारत नाही, दिसेल त्याला मारतंय. एमआयसीच्या डोसला साध्या पेशी जगतात का तेपण बघा. एमटीटी टेस्ट (जिवंत पेशी एमटीटीचा पिवळा रंग जांभळा करतात, त्यावरनं त्या मोजतात) करताना पेशी नसलेल्या खान्यातपण तेल आणि एमटीटी घाला, कारण काही तेलं स्वतःच जांभळा रंग आणतात आणि मग ५७० नॅनोमीटरला रंग मोजला की मेलेल्या पेशी जिवंत वाटतात.

आणि घरात कुणी विचारलं, ‘मग रोज दोन थेंब पाण्यातनं घेऊ काय?’, तर सरळ नाही म्हणून सांगा, निलगिरीचं तेल लहान पोराच्या पोटात थोडं जरी गेलं तरी झटके येऊ शकतात.