बाथर्स्टला आर३२ जीटी-आर भिंतीत न घालता कशी चालवायची

आधीच सांगतो, खऱ्या ट्रॅकवर मी कधी गेलेलो नाही, जे काय शिकलोय ते रेसिंग गेममध्ये, टेबलाला स्क्रूने आवळलेल्या स्टिअरिंगवर, रात्री आवाज कमी करून. पण माउंट पॅनोरमावर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या ट्रॅकवर, चौथ्या मिनिटाला गेम बंद करणारे बरेच जण माहितीयेत, त्यांच्यासाठी हे.

ट्रॅक म्हणजे सिडनीपासून साधारण २०० किमीवरचा डोंगर, लॅप ६.२१३ किमी, खालच्या आणि वरच्या टोकात १७४ मीटरचा फरक. एरवी तो साधा पब्लिक रोड आहे, ६० चं लिमिट, लोकांची घरं आहेत तिथे, म्हणूनच वरती रस्ता अरुंद आणि चुकलात की थेट काँक्रीट.

गाडी आर३२च घ्या, म्हणजे निसानची जुनी स्कायलाइन जीटी-आर. जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ या रेसर जोडीने १९९१ ला हिच्यातच १००० किमीची रेस मारली आणि १९९२ ला परत, तेही तेव्हा तिच्यावर जादा वजन लादलं होतं आणि टर्बोचा बूस्टही कमी करायला लावला होता तरी. २.६ लिटरचं ट्विन टर्बो इंजिन, आणि फोर व्हील ड्राइव्ह असं की एरवी ताकद मागच्या चाकांना, मागची घसरायला लागली की मग पुढे. ऐकायला भारी वाटतं पण लोखंडी ब्लॉकमुळे नाक जड आहे, कोपऱ्यात जास्त स्पीडने घुसवली की गाडी सरळच जाते, मग आपण घाबरून स्टिअरिंग अजून वळवतो आणि टायर नुसते रडतात. म्हणून ब्रेक सगळा सरळ रेषेत मारून घ्या, नाक फिरेपर्यंत दम धरा, आणि फिरलं की स्टिअरिंग सोडत सोडत अ‍ॅक्सिलरेटर. टर्बो उशिरा जागा होतो त्यामुळे पाय वाटतं त्यापेक्षा जरा आधीच टेकवायचा.

आता कोपरे. हेल कॉर्नर आणि ग्रिफिन्स सोपे आहेत, फक्त ग्रिफिन्सच्या बाहेर डावीकडच्या भिंतीकडे बघू नका, जिथे बघाल तिथे जाल. खरा खेळ कटिंगपासून सुरू होतो. लागोपाठ दोन डावे, चढ असा की गाडी आपोआपच स्लो होते, इथे हिरोगिरी केली की दुसऱ्या डाव्याला नाक वळतच नाही आणि मग अख्ख्या चढावर इंजिन रडत बसतं, त्यापेक्षा पहिल्यातच थोडं हळू जा.

मॅकफिलामीला डावीकडे वळायचंय आणि पुढचं काही दिसत नाही, रस्ता पायाखालून निघून जातो. इथे मी महिनाभर आपटत होतो. शेवटी कळलं की मी वळताना ब्रेक मारत होतो, उतारात तसं केलं की मागची बाजू हलकी होऊन फिरते. आता आत शिरायच्या आधी किंचित लिफ्ट, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय जरा उचलायचा, बास. पुढचा कोपरा स्कायलाइन, गाडीही स्कायलाइन, निव्वळ योगायोग. तिथून एसेस आणि डिपर म्हणजे उतरता घाट, ओव्हरटेकचा विचारसुद्धा करू नका.

फॉरेस्ट्स एल्बोला मात्र जीव ओता, कारण पुढे लांबलचक कॉनरॉड स्ट्रेट आहे आणि इथून दोन किमी स्पीड जास्त निघाला तर तो शेवटपर्यंत टिकतो. आतली भिंत खुणावते, लवकर आत शिरू नका. कॉनरॉडच्या शेवटी चेस नावाची वळणं, १९८७ साली टाकलेली. उजवा वाक स्पीडमध्ये, मग पूर्ण सरळ होऊन ब्रेक. मरेज हा शेवटचा कोपरा संपला की लॅप.

भिंतीशिवाय सलग पाच लॅप जमल्या तरच पाऊस ऑन करा. १९९२ ला पावसात बऱ्याच गाड्या एकमेकांवर आदळल्या, त्यात आघाडीवर असलेल्या रिचर्ड्सची जीटी-आरही होती. रेस थांबवली, रिझल्ट आधीच्या लॅपचा धरला, म्हणून मोडलेल्या गाडीने जिंकली. गेममध्ये ती सोय नाही.