महासत्तांच्या स्पर्धेची बातमी सोयाबीनच्या भावातून कशी वाचावी

लातूर, परभणी, नांदेडच्या अभ्यासिकांत बसणारी मुले सत्तासंतुलन, शीतयुद्ध, बहुध्रुवीय जग यांच्या व्याख्या पाठ करतात. पण घरचे सोयाबीन आडतीवर गेल्यावर त्याला जो भाव मिळतो, त्याचा या व्याख्यांशी संबंध असतो, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. तो संबंध शोधायचा असेल, तर नेत्यांच्या भाषणांपासून सुरुवात करू नये. एक माल धरावा आणि त्याचा प्रवास पाहावा. आपल्यासाठी सोयाबीन सर्वांत सोयीचे आहे, कारण जगाच्या व्यापारात येणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून अधिक माल एकटा चीन विकत घेतो आणि विकणाऱ्यांत ब्राझीलच्या खालोखाल अमेरिका आहे.

आधी तारीख आणि शुल्काचा दर टिपून घ्यावा. 6 जुलै 2018 रोजी अमेरिकेने 34 अब्ज डॉलरच्या चिनी मालावर 25 टक्के आयात शुल्क लावले आणि चीनने लगेच अमेरिकी सोयाबीनवर तेवढेच शुल्क बसवले. बलाढ्य राष्ट्रे वार करताना समोरच्याची दुखरी जागा शोधतात. म्हणून शुल्काची यादी हाती आली की तो माल पिकवणारा कोण आणि त्याच्या मताला तिथल्या राजकारणात किती वजन आहे, हेही विचारावे. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारला आपल्या शेतकऱ्यांसाठी 12 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर करावी लागली, यावरून वार नेमका कुठे बसला ते कळते.

यानंतरच्या पायरीवर बहुतेक वाचक घाई करतात. चीनने अमेरिकेकडून खरेदी आवरली म्हणजे जगभर सोयाबीन सारखेच स्वस्त झाले, असे समजू नये. शिकागोच्या बाजारातील सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज ठरणारे भाव, सुमारे दहा वर्षांच्या नीचांकावर आले, पण ब्राझीलच्या बंदरांवर त्याच मालाला शिकागोपेक्षा बरीच जादा रक्कम मिळू लागली, कारण डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी चीनला पेंड लागतेच आणि तिथले खरेदीदार ब्राझीलकडे वळले होते. तेव्हा अशी बातमी आली की गेलेला ग्राहक कोणाकडे गेला आणि न विकलेला माल कोणाच्या बाजारात उतरला, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

करारांच्या बातम्या अधिक सावधपणे वाचाव्यात. 15 जानेवारी 2020 च्या करारात चीनने दोन वर्षांत 200 अब्ज डॉलरची जादा खरेदी करण्याचे मान्य केले होते; प्रत्यक्ष खरेदी त्याहून फार कमी राहिली. 30 ऑक्टोबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, त्यानंतर वर्षअखेरपर्यंत 1.2 कोटी टन सोयाबीन घेतले जाईल, असे अमेरिकेच्या बाजूने सांगण्यात आले. आकडा कोणी जाहीर केला, हे त्याच्या शेजारी लिहून ठेवावे आणि जहाजे भरल्याची नोंद येईपर्यंत तो वचन म्हणूनच धरावा.

आता लातूरच्या सौद्याकडे यावे. इथला तेल काढणारा प्लांट सोयाबीनचा भाव तेल आणि डीओसी (तेल काढल्यावर उरणारी पेंड) या दोन्हींचा हिशेब करून काढतो, आणि आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये शून्यावरून 20 टक्के झाले आणि मे 2025 अखेर 10 टक्क्यांवर आले. हे दोन्ही निर्णय दिल्लीतले आहेत. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये असताना आपल्याकडे त्याहून कमी भावाने माल विकावा लागला, याचे सगळे खापर वॉशिंग्टन आणि बीजिंगवर फोडणे मला पटत नाही. त्यात दिल्लीने शुल्क घटवून बाहेरचे तेल स्वस्त केल्याचा वाटा होता आणि अतिवृष्टीत भिजलेल्या मालातील ओलाव्याचाही होता. महासत्तांचा परिणाम आपल्यापर्यंत थेट येत नाही, आपल्या सरकारच्या निर्णयांतून गाळून येतो. हा मधला टप्पा वगळून केलेले विश्लेषण परीक्षेत टिकत नाही आणि आडतीवरही टिकत नाही.

हीच पद्धत कापसावर चालवून पाहावी. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावर एकूण 50 टक्के शुल्क लागू केले, त्यातले 25 टक्के रशियाकडून तेल घेतल्याच्या कारणावरून होते. त्याच महिन्यात भारताने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. वहीत या तारखा एकाखाली एक मांडाव्यात, शेजारी परभणीच्या बाजारातील कापसाचा भाव लिहावा आणि सवलतीचा लाभ सूतगिरणीला किती, अमेरिकी निर्यातदाराला किती आणि आपल्या शेतकऱ्याला किती झाला, ते स्वतः मांडून पाहावे.