बकीच्या कोळीवाड्यात नेमका आपला जेम्स स्मिथ कसा शोधायचा?

स्कॉटलंडच्या मरे फर्थ किनाऱ्यावर, बकी किंवा फिंडोख्तीसारख्या गावांत पूर्वज शोधताना नुसतं नाव-आडनाव धरून बसलात तर हमखास चुकाल. बकीत स्मिथ आणि कावी, फिंडोख्तीत फ्लेट. गल्लीभर तीच आडनावं. त्यातून थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी प्रथा. म्हणजे एकाच पिढीत चार चुलतभाऊ, चौघेही जेम्स!

यावर गावानेच तोड काढली होती: टोपणनाव. तिकडे त्याला 'टी-नेम' म्हणतात. ते घराण्यात पुढे चालायचं आणि कित्येकदा सरकारी नोंदीतही आडनावापुढे लिहिलेलं सापडतं. कुणाच्या नावापुढे 'कॅरट' दिसलं तर ती कारकुनाची चूक समजून सोडू नका. वहीत पहिल्यांदा तेच उतरवून घ्या.

दुसरा धागा आईचा. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १८५५ साली सुरू झाली आणि मृत्यूच्या दाखल्यावरही आईचं माहेरचं आडनाव असतं. 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर ते दाखले मिळतात. माझ्या मते जन्मापेक्षा मृत्यूच्या दाखल्यापासून सुरुवात करावी. एका कागदात दोन घराणी हाती लागतात. फक्त माहिती देणारा कोण होता तेही बघा. जावयाने सांगितलेलं सासूच्या आईचं नाव जरा जपूनच घ्यावं.

माणूस गावात सापडेना तर शेटलंड बेटांवरचं लर्विक, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं यारमथ इथेही शोधा. हेरिंग माशांच्या हंगामात पुरुष होड्या घेऊन जायचे आणि मासे साफ करायला मुलीही मागोमाग जायच्या.